अठरा इंची लॅपटॉपचे मावळी मूल्यमापन

दुकानदार ज्याला ‘गेमिंग’ किंवा ‘मल्टिमीडिया’ लॅपटॉप म्हणतात आणि ज्याचा पडदा एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत मोजला असता सतरा ते अठरा इंच भरतो, त्या यंत्राची परीक्षा आजवर प्रामुख्याने वातानुकूलित खोलीत, अखंड विजेवर आणि एकट्या राहणाऱ्या तरुण परीक्षकांकडून होत आली आहे. पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येला सह्याद्रीला पाठ लावून बसलेल्या भोर आणि वेल्हे या तालुक्यांमध्ये वातानुकूलन, अखंड वीज आणि एकांत या तिन्ही गोष्टी दुर्मीळ असल्यामुळे तेथे या यंत्राच्या मूल्यमापनाचे एक स्वतंत्र शास्त्र तयार झाले असून, त्याची नोंद अद्याप कोणी घेतलेली दिसत नाही. (वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ मध्ये घेतला, परंतु स्वारगेटला एस.टी.त चढणारा माणूस अजून वेल्ह्याचेच तिकीट मागतो, आणि वेल्हे हे गाव जागचे हललेले नसल्यामुळे त्याचे काही चुकतही नाही.)

यंत्राची ओळख प्रथम करून देणे सोयीचे होईल. साध्या लॅपटॉपमध्ये पडद्यावर चित्र उमटवण्याचे काम मुख्य प्रोसेसरच वरकाम म्हणून उरकत असतो, तर या मोठ्या लॅपटॉपमध्ये त्या कामासाठी ग्राफिक्स कार्ड नावाची वेगळी चिप, तिची स्वतःची वेगळी मेमरी आणि या सर्वांना थंड ठेवण्यासाठी दोन-तीन पंखे बसवलेले असतात. परिणामी यंत्राचे वजन तीन किलोच्या आसपास जाते आणि चार्जर, ज्याला केवळ सवयीने चार्जर म्हणायचे, तो एकटाच किलोभर भरतो. किंमत लाख-सव्वालाखाला सुरू होते आणि चार-पाच लाखांपर्यंत कोठेही थांबते. मोठेपणाची ही हौस कोठवर जाऊ शकते याचे उदाहरण म्हणून एसर या तैवानी कंपनीने २०१७ मध्ये विक्रीस आणलेल्या ‘प्रेडेटर २१ एक्स’ या लॅपटॉपकडे बोट दाखवता येते. त्याचा पडदा एकवीस इंची आणि वक्र होता, वजन साडेआठ किलोच्या घरात होते, आत पाच पंखे होते आणि तो चालवण्यासाठी दोन चार्जर एकाच वेळी लावावे लागत. भारतात त्याची किंमत सात लाखांच्या जवळपास होती. त्या काळी तेवढ्या पैशात चांगला ट्रॅक्टर येत असे, आणि ट्रॅक्टरवरही गाणी लावण्याची सोय असतेच.

भोर-वेल्ह्यातील खरेदीदाराला मूल्यमापन नवे आहे, असे मात्र कोणी समजू नये. बैल घेताना त्याचे वय व्यापाऱ्याच्या तोंडून ऐकायचे नसते, बैलाच्या तोंडात पाहायचे असते. दुधाचे दात न पडलेला तो आदत, मग दोनदाती, चारदाती, सहादाती आणि शेवटी जुळलेला, ही परिभाषा ज्या घरात तीन पिढ्या चालत आली, त्या घराला प्रोसेसरच्या ‘बाराव्या’, ‘तेराव्या’ आणि ‘चौदाव्या’ जनरेशनचे कोडे पडत नाही. फरक एवढाच, की येथे आकडा जितका मोठा तितके जनावर कोवळे, आणि दात पाहण्यासाठी खालचे स्क्रू काढावेत तर वॉरंटी जाण्याचा धाक. त्यातही ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत खोक्यावरच्या नावाला फारसा अर्थ नसतो. ‘आरटीएक्स ४०६०’ हे एकच नाव धारण करणारे लॅपटॉपमधील कार्ड उत्पादकाच्या इच्छेनुसार ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही वीज घेणारे असू शकते आणि जितकी वीज कमी तितकी त्याची ताकद कमी. म्हणजे एकाच नावाचे दोन लॅपटॉप शेजारी ठेवले, तर एक नांगर ओढेल आणि दुसरा केवळ पोळ्याच्या मिरवणुकीत शोभेल. खोक्यावर नाव ठळक छापलेले असते, वॅट बहुधा छापलेले नसतात.

अशा वेळी सोबत आलेले वयस्कर काका जी एकच मागणी करतात, ती म्हणजे ‘जुंपून दाखवा’, आणि तांत्रिक दृष्ट्या तीच सर्वांत योग्य चाचणी आहे. या यंत्रांमध्ये ‘थ्रॉटलिंग’ नावाचा प्रकार असतो, म्हणजे आतील तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे गेले, की चिप जळू नये म्हणून यंत्र आपणहून वेग कमी करते. पहिल्या पाच मिनिटांत सगळेच पळतात. अर्ध्या तासानंतर कोण कोठे आहे हे पाहावे लागते. दुकानदार अर्धा तास गेम चालवू देत नाही, कारण त्याला गिऱ्हाईक हवे असते, परीक्षक नको असतो. काका मात्र चहा आल्याशिवाय उठत नाहीत, आणि चहा येईपर्यंत अर्धा तास होतो.

खरेदीच्या हेतूविषयी अभ्यासकाने सावध राहावे. या दोन्ही तालुक्यांत गेम खेळण्यासाठी लॅपटॉप घेतला गेल्याचे एकही उदाहरण सापडत नाही. जे काही लॅपटॉप घेतले गेले, ते सर्व अभ्यासासाठी घेतले गेले. पुण्यात इंजिनिअरिंगला असलेला मुलगा शनिवारी घरी येतो, जेवताना ‘सरांनीच सांगितलंय’ या वाक्याने विषय काढतो आणि ऑटोकॅड या आराखडे काढण्याच्या सॉफ्टवेअरसाठी असेच यंत्र लागते हे पटवून देतो. हे अर्धसत्य असते, कारण पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे आराखडे निम्म्या किमतीच्या यंत्रावरही निघतात. परंतु घरात ते तपासू शकणारे कोणी नसते आणि ज्याला तपासता येते, तो चुलतभाऊ आधीच फितूर झालेला असतो. खरी अडचण पुढे येते. या लॅपटॉपचा ‘रिफ्रेश रेट’, म्हणजे पडद्यावरील चित्र एका सेकंदात किती वेळा नव्याने काढले जाते तो आकडा, १४४, १६५ किंवा २४० असा असतो, तर चित्रपट सेकंदाला अवघ्या २४ चित्रांवर गेली शंभर वर्षे सुखाने चालला आहे. अभ्यासाला चित्रपटाच्या दहापट वेग का लागावा, हा वडिलांचा प्रश्न निरुत्तर करणारा असतो. कीबोर्डमधील सतत रंग बदलणाऱ्या दिव्यांचे स्पष्टीकरण त्या मानाने सोपे: रात्री अभ्यास करताना लाईट गेली, तर अक्षरे दिसावीत.

खोके पुण्याहून घरी नेण्याचा भाग थोडक्यात आटोपता येतो. भोर पुण्यापासून पन्नासेक किलोमीटरवर आहे, महामार्ग कापूरहोळला सोडावा लागतो, आणि एस.टी.च्या वरच्या फळीवर हे खोके मावत नाही. शेजारचा प्रवासी ‘टीव्ही घेतला का?’ असे विचारतो, आणि होय म्हणणे इतके सोयीचे असते, की बहुतेक जण होय म्हणतात. पुढे यंत्राचे काय होते हे पाहता त्या प्रवाशाचे निदान अचूक म्हणावे लागेल.

वीज हा या मूल्यमापनाचा गाभा आहे आणि येथे थोडे थांबणे भाग आहे. भाटघर, पानशेत आणि वरसगाव या तिन्ही धरणांच्या पाण्यावर वीज तयार होते आणि तिन्ही धरणे याच दोन तालुक्यांत आहेत. तरीही पहिल्या वळवाच्या पावसात, ढग नुसते गडगडले तरी, लाईट जाते, आणि गेली की डीपीवरचा फ्यूज टाकणारा माणूस येईपर्यंत वेळ कसा घालवावा, हा करमणुकीचा मूळ प्रश्न उभा राहतो. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, त्यामुळे टीव्हीवर त्याची येथे सरशी होईल अशी खरेदीदाराची अपेक्षा असते. परंतु या मोठ्या यंत्रांच्या बॅटऱ्या बहुधा ९० ते ९९.९ वॅट-तासांच्या असतात, कारण विमानात विनापरवानगी नेण्याच्या बॅटरीची मर्यादा १०० वॅट-तास आहे. म्हणजे ज्याने आयुष्यात विमान फक्त लोहगावकडे उतरताना खालून पाहिले, त्याच्या अंधारातील करमणुकीचे माप विमान वाहतुकीच्या नियमांनी ठरवून दिलेले आहे. वॅट-तास म्हणजे तेवढे वॅट एक तास पुरतील इतकी साठवण. चित्रपट पाहताना यंत्र वीसेक वॅट खाते, तेव्हा ९० वॅट-तासांत चार-साडेचार तास निघतात. जड गेम मात्र दीडशे वॅट मागतो, तेव्हा हिशेब ३६ मिनिटांवर येतो, आणि बॅटरीला तेवढी वीज एकदम पुरवणे झेपत नसल्यामुळे यंत्र त्या ३६ मिनिटांतही मन मारूनच चालते.

इन्व्हर्टरचा मार्ग उरतो, परंतु तो तांत्रिक नसून कौटुंबिक आहे. घरगुती इन्व्हर्टरला जोडलेली १२ व्होल्ट आणि १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास भरते आणि प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी देते. छताचा पंखा सत्तर-पंचाहत्तर वॅट घेतो आणि भिंतीला लावून गेम खेळणारा मोठा लॅपटॉप अडीचशे वॅट सहज घेतो, म्हणजे एका खेळाडूची भूक तीन पंख्यांहून अधिक असते. इन्व्हर्टर शिट्टी वाजवू लागला, की आजी खोलीच्या दारात येऊन काही न बोलता उभ्या राहतात आणि त्यापुढे कोणतेही ग्राफिक्स कार्ड टिकत नाही.

न्यायबुद्धीने यंत्राच्या बाजूचेही सांगितले पाहिजे. त्याचा चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंत कोणत्याही दाबावर चालेल असा बनवलेला असतो. त्यामुळे संध्याकाळी पंप सुरू झाल्यावर ट्यूब पेटेनाशी होते, फ्रीज कण्हू लागतो आणि मिक्सर चटणी वाटण्याऐवजी तिच्याभोवती फिरतो, तेव्हाही लॅपटॉप निर्विकार असतो. डिम लाईटमध्ये इतक्या शांतपणे वावरणारी वस्तू गावात दुसरी नाही. मात्र घराला अर्थिंग नसेल, म्हणजे गळणारी वीज जमिनीत सोडणारी तिसरी तार नावापुरतीच असेल, तर धातूच्या अंगाच्या लॅपटॉपवर मनगट टेकताच मुंग्या येतात, आणि तो यंत्राचा जिवंतपणा आहे असे समजून दुर्लक्ष न करता वायरमनला बोलवावे.

वीज आहे असे गृहीत धरले, तरी गेम घरात यावा लागतो. पूर्वी तो डीव्हीडीवर येत असे. आता तो इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो आणि आजच्या मोठ्या गेमचा आकार १०० जीबी किंवा त्याहून अधिक असतो. ज्या वाडीत फायबरची तार पोहोचलेली नाही आणि मोबाइलच्या दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर सर्व व्यवहार चालतो, तेथे १०० जीबी उतरायला ६७ दिवस लागतात, तेही घरातील अन्य कोणीही त्या काळात एकही कीर्तन पाहिले नाही तर. आषाढी एकादशीला उतरवायला घेतलेला गेम, मध्ये अधिक मास आला नाही तर, पितृपंधरवड्यात पूर्ण होतो आणि त्या पंधरवड्यात नव्या गोष्टीला हात लावायचा नसतो. घटस्थापनेला तो उघडावा, तर तोवर त्याची नवी आवृत्ती आलेली असते आणि यंत्र नम्रपणे आणखी ४० जीबी मागते.

एवढे सगळे पार पडून जो खेळ सुरू होतो, त्याची स्पर्धा खिडकीबाहेरच्या दृश्याशी असते. आजचे बरेच नावाजलेले गेम ‘ओपन वर्ल्ड’ प्रकारचे असतात, म्हणजे खेळाडूने आखून दिलेल्या वाटेने न जाता डोंगर-दऱ्यांत वाटेल तिकडे भटकावे, पडके किल्ले चढावेत, बुरुजावरून खाली पाहावे, अशी त्यांची योजना असते. वेल्हे गावात मान वर केली, की १४०३ मीटर उंचीचा तोरणा दिसतो, गुंजवणे गावातून राजगडाची वाट चढते, आणि या दोन्ही ठिकाणी शनिवार-रविवारी पुण्याहून जी गर्दी येते, तीत महागडे गेमिंग लॅपटॉप असलेली माणसे संख्येने बरीच असतात. मुद्दा तांत्रिकही आहे. जुन्या काळी यंत्राची कुवत कमी असल्यामुळे गेम बनवणारे दूरचे डोंगर काढण्याचे टाळून ते धुक्यात लपवीत. आजच्या ग्राफिक्स कार्डाचा मोठा अभिमान असा, की ते क्षितिजापर्यंतचे झाडन्‌झाड काढू शकते. जुलै-ऑगस्टमध्ये वेल्ह्यात वीस पावलांपलीकडचे काही दिसत नाही, आणि त्यावरून निसर्गाचे कार्ड जुने आहे असा निष्कर्ष तेथील मुले काढतात.

प्रत्यक्षात खेळले काय जाते, हे पाहिल्यास मूल्यमापकाची निराशा होते. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर भारतात बंदी आली आणि जुलै २०२१ मध्ये त्याचाच भाऊबंद बीजीएमआय नावाने आला. दोन्ही फोनवरचे खेळ, आणि पारावर बसलेली सगळी टोळी आजही फोनवरच खेळते. दीड लाखाच्या लॅपटॉपचा मालक घरात एकटा पडतो, मग फोन घेऊन पारावर जातो. लॅपटॉपवर उरतो तो २००२ सालचा ‘जीटीए व्हाइस सिटी’, जो त्या काळच्या सायबर कॅफेतील कळकट संगणकांवरही धावत असे. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने २०२० मध्ये काढलेला ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा खेळ खरे तर या भागात अधिक पोहोचायला हवा होता, कारण तो आपल्या मातीतल्या देवदैत्यांचा आहे, हलका आहे आणि त्यासाठी तीन पंख्यांच्या यंत्राची गरज नाही, परंतु ज्याला मोठ्या यंत्राची गरज नाही, त्याचे कौतुक मोठे यंत्र घेणारा कसे करणार?

म्हणून यंत्राचे भवितव्य ठरते ते घरगुती करमणुकीत. या भागाला पडद्यावरच्या करमणुकीची ओळख शेजारच्या गडानेच करून दिली: सिंहगडावरील दूरदर्शनचा मनोरा १९७३ मध्ये मुंबईचे कार्यक्रम पुढे पाठवू लागला आणि ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या ओटीवर आळी, हा नियम रूढ झाला. पुढे व्हिडिओ भाड्याने आणून रात्रभर तीन पिक्चर पाहण्याचे दिवस आले. त्या संस्कारातून आलेले कुटुंब अठरा इंची लॅपटॉप टेबलावर ठेवून समोर दहा जणांना बसवते, आणि येथे भूमिती आडवी येते. सहा इंची फोन डोळ्यांपासून एक फुटावर धरला असता जेवढा दिसतो, तेवढाच अठरा इंची पडदा तीन फुटांवरून दिसतो. तीन फुटांच्या मागे बसलेल्या प्रत्येकाला समोरचा भव्य लॅपटॉप स्वतःच्या हातातल्या फोनपेक्षा लहान दिसत असतो. तीन फुटांच्या आत फार तर तीन माणसे मावतात, तीही भावकीत जमिनीचा वाद चालू नसेल तर.

पडद्याची सूक्ष्मता, म्हणजे त्यावर चित्राचे किती ठिपके मावतात, हे तपासण्याची भोरची पद्धत कोणत्याही प्रयोगशाळेने उचलावी अशी आहे. भोरच्या राजवाड्यात चित्रपटांची आणि मालिकांची चित्रीकरणे वर्षानुवर्षे होत आली आहेत, आणि गर्दीच्या प्रसंगात उभी राहिलेली माणसे आसपासचीच असतात. त्यामुळे नवा पडदा आला, की दरबाराचा प्रसंग लावून तो थांबवतात आणि डावीकडून चौथ्या भालदारामागे फेट्यात दिसणारे मामा ओळखू येतात का, हे पाहतात. मामा ओळखू आले, तर पडदा उत्तम. मामांची मिशी खोटी आहे हेही कळले, तर पैसे वसूल. कथेकडे कोणाचे लक्ष नसते. यानंतरचा मान बैलगाडा शर्यतीच्या थेट प्रक्षेपणाचा. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींचा कायदा वैध ठरवल्यापासून त्या फोनाफोनांवर दिसतात. परंतु पडदा सेकंदाला २४० वेळा ताजा झाला, तरी नेटवर्कवरून येणारी बैलजोडी निशाणाच्या अलीकडे अडकून पडली, की पडदा तीच अडकलेली जोडी सेकंदाला २४० वेळा दाखवतो.

आवाजाविषयी जाहिरातीत ‘डॉल्बी अॅटमॉस’, म्हणजे आवाज सर्व बाजूंनी येत असल्याचा भास निर्माण करणारी योजना, असे लिहिलेले असते. वेल्ह्याच्या पावसात पत्र्याच्या घरामध्ये आवाज सर्व बाजूंनी आणि विशेषतः वरून येतच असतो, त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. त्या आवाजापुढे लॅपटॉपचे दोन-दोन वॅटचे स्पीकर ओठ हलवतात असे फक्त दिसते.

माहितीपत्रकात न छापलेला एक गुण मात्र मान्य केला पाहिजे. यंत्र जेवढी वीज घेते, तिची जवळजवळ सगळी शेवटी उष्णतेत बदलते. म्हणून अडीचशे वॅटचा गेम चालवणारा लॅपटॉप हा हजार वॅटच्या रूम हीटरचा पाव हिस्सा असतो, आणि ती ऊब मागच्या जाळीतून एका दिशेने नेमकी बाहेर पडते. आषाढ-श्रावणात, दोरीवरचे कपडे आठवडाभर ओलेच राहतात तेव्हा, या जाळीसमोर मोजे तासाभरात सुकतात. शाळेच्या गणवेशाचा दुसरा जोड नसलेल्या घरात या कारणाने मुलाला रात्री गेम खेळण्याची परवानगी मिळते. आईने ‘खेळ अजून थोडा वेळ, पँट ओली आहे’ असे म्हणावे, हा प्रसंग गेमिंगच्या इतिहासात अन्यत्र घडला असण्याची शक्यता कमी आहे. मात्र हेच यंत्र गोधडीवर ठेवून पिक्चर पाहिला, तर खालून हवा घेणारी छिद्रे बंद होतात, आतली धूळ, चुलीचा धूर आणि पावसाळी दमट हवा यांचा थर पंख्यांवर बसतो आणि दोन पावसाळ्यांत पंखे गिरणीसारखे घरघरू लागतात. पंखे वर्षातून एकदा साफ करून घ्यावेत. त्याला फार खर्च येत नाही.

तेव्हा निवाडा असा. घरात बसून पाहायचे आणि खेळायचे असेल, तर तेवढ्याच पैशात साधा डेस्कटॉप संगणक आणि ४३ इंची टीव्ही येतो, दहाव्या माणसालाही दिसतो आणि बिघडला तर एकेक भाग बदलता येतो. मोठा लॅपटॉप त्यालाच परवडतो ज्याचे बिऱ्हाड दर शनिवारी हलते, म्हणजे पुण्यात खोली घेऊन राहणारा विद्यार्थी, किंवा लग्नाचे ड्रोनने केलेले चित्रण त्याच रात्री कापून-जोडून सकाळी वऱ्हाडाला दाखवावे लागते तो छायाचित्रकार. या दुसऱ्या गृहस्थाच्या हातीच हे यंत्र खऱ्या अर्थाने राबते. तरीही घ्यायचाच असेल, तर वॅट विचारावेत, अर्धा तास चालवून पाहावा, आणि पैसे मोजण्याआधी ‘ऑनसाइट वॉरंटी’, म्हणजे तंत्रज्ञाने घरी येऊन दुरुस्ती करण्याची हमी, ही भोरच्या ४१२२०६ आणि वेल्ह्याच्या ४१२२१२ या पिनकोडला लागू आहे का, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावे.